स्टँड बाजूने ढकलून बघा

फिश टँक ठेवणाऱ्या माणसाला ओळखीपाळखीतले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. घरात एक लाकडी टेबल आहे, जुनं आहे, चांगलं दणकट आहे, त्यावर टँक राहील का? आणि विचारायच्या आधीच बहुतेकांची टेस्ट करून झालेली असते. घरातलं सगळ्यात वजनदार माणूस टेबलावर चढून उभं राहिलेलं असतं, एखाददुसरी उडी मारलेली असते आणि "बघा, काही झालं नाही" असा निकालही लागलेला असतो.

या टेस्टबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तिच्यातून जे कळतं ते आधीच माहीत असतं आणि जे कळायला हवं ते राहूनच जातं.

आधी वजन बघू. आपल्याकडे हॉलमध्ये हौसेने घेतला जाणारा टँक म्हणजे चार बाय दीड बाय दीड फूट. म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं आणि लिटरभर पाणी म्हणजे किलोभर, त्यामुळे काठोकाठ भरला तर नुसतं पाणीच २५५ किलो. काठोकाठ कुणी भरत नाही, दोन इंच सोडतात, पण मग त्यात खाली दोन इंचांचा रेतीचा थर येतो, तो कोरडा मोजला तर ४०-४५ किलोचा. १० मिलिमीटर काच एका चौरस मीटरला २५ किलो भरते, या टँकला साधारण २.१ चौरस मीटर काच लागते म्हणजे ५०-५२ किलो काचच. झाकण, लाइट, फिल्टर, लाकडाचा ओंडका, दगड, हे सगळं धरून सव्वातीनशे किलो मनात ठेवायचे. दगडांची हौस असेल तर अजून जास्त.

सव्वातीनशे किलो ऐकून लोक घाबरतात आणि लगेच पायांकडे बघतात. पाय किती जाड आहेत? खरं तर चार पायांवर वाटलं तर एका पायावर ८०-८५ किलो येतात, आणि सागवानाचा दोन बाय दोन इंचाचा सरळ, न किडलेला पाय उभ्या दाबाने चिरडायचा तर काही टन वजन लागेल. लाकडाचे धागे उभे असले की ते वरून येणारं वजन फार सहज घेतं, जुन्या वाड्यांचे खांब पिढ्यान्पिढ्या माडी आणि छप्पर पेलून उभे आहेत ते त्याच गुणावर. त्यामुळे पाय दबून टँक खाली आला असं जवळपास कधी होत नाही. आणि टेबलावर चढून उभा राहिलेला माणूस नेमकं हेच तपासत असतो, वरून खाली.

स्टँड जातो तो बाजूने. काडेपेटीतलं आतलं खोकं काढून घ्या आणि नुसतं बाहेरचं कव्हर उभं धरून वरून बोटाने दाबा, ते बऱ्यापैकी दाब घेतं. आता तेच कव्हर बाजूने हलकेच ढकला, क्षणात चपटं होतं. आतलं खोकं परत सरकवा आणि मग ढकलून बघा, हलत नाही. चार पाय आणि वर फळी एवढंच असलेलं टेबल म्हणजे ते रिकामं कव्हर. त्याला चौकोनात धरून ठेवणारं काहीतरी हवं, मागे पूर्ण ठोकलेला प्लाय, नाहीतर तिरपी पट्टी, नाहीतर पाय आणि आडव्या पट्ट्या यांचे असे घट्ट सांधे की कोपरा हलूच नये. हे नसेल तर पाय कितीही जाड असू देत, त्याचा उपयोग नाही.

म्हणून मी कुठेही गेलो की स्टँडच्या वरच्या कडेला तळहात लावून आधी लांबीच्या दिशेने आणि मग रुंदीच्या दिशेने ढकलून बघतो. जोरात नाही, साधारण एखादं जड दार ढकलतो तेवढंच. रिकामा स्टँड एवढ्याने डुलला, किंवा सांध्यातून करकर आवाज आला, तर तो टँकसाठी नाही. कुणी म्हणेल की वजन आल्यावर तो आपोआप दबून स्थिर होईल. होत नाही. उलट स्टँड एकदा थोडासा कलला की वरचं सव्वातीनशे किलो वजन त्याला त्याच बाजूला आणखी ढकलायला लागतं, शिवाय आत पाणी आहे, ते हलतं, त्याची लाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाते आणि प्रत्येक फेरीत एक धक्का देते. पोरं खेळताना आदळली, पाहुण्यांनी टेकून फोटो काढला, मोलकरणीने झाडू मारताना कोपर लागलं, हे सगळे धक्के बाजूचेच असतात.

माझा आतेभाऊ कराडला असतो. त्याला टँक ठेवायचा होता तो आत्याच्या सासऱ्यांच्या टेबलावर. टेबल खरंच सुंदर, सागवानी, साडेचार फूट लांब, खाली कातलेले गोल पाय, समोर दोन ड्रॉवर, वरच्या फळीवर शाईचे डाग आणि इतक्या वर्षांच्या हातांची चकाकी. "दादा, हे हलवायला चार माणसं लागतात, याला काय होणारे," असं त्याचं म्हणणं. आम्ही ड्रॉवर बाहेर काढले आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून खाली आडवा झालो. टेबल बघायचं तर खालूनच बघायचं, वरून सगळीच टेबलं चांगली दिसतात.

खालून दिसलं ते असं. मागच्या आणि बाजूंच्या आडव्या पट्ट्या पाच इंच उंच, जाडजूड, त्यांची जीभ पायातल्या भोकात बसवून वरून पाचर मारलेली, तीन कोपऱ्यांतले सांधे अजून इतके घट्ट की नख जात नव्हतं. चौथ्या कोपऱ्यात मात्र जीभ आणि भोक यांच्यामध्ये काळी रेष, त्यात नख काय, आगपेटीची काडीही शिरत होती, आणि पूर्वी कुणीतरी तिथे दोन खिळे मारून तात्पुरतं भागवलेलं, त्या खिळ्यांच्या भोवती लाकूड गंजाने काळं पडलेलं. समोरच्या बाजूला तर पट्टी जवळपास नव्हतीच. ड्रॉवरला जागा करायची म्हणून वर एक आणि खाली एक अशा दोन बोटभर जाडीच्या पट्ट्या, बस. लिहायच्या टेबलाला तेवढं पुरतं, टँकला नाही पुरत. मग मी उभा राहून वरच्या कडेला हात लावून ढकललं, तर अख्खं टेबल बोटभर सरकून परत जागेवर आलं आणि त्या चौथ्या कोपऱ्यातून कुर्र असा आवाज आला. आतेभावाने दुसऱ्या बाजूने ढकललं, पुन्हा तोच आवाज. त्यानंतर त्याला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

अजून एक गोष्ट होती. फळी पायांच्या बाहेर चारी बाजूंनी पाच-पाच इंच आलेली होती आणि टँक भिंतीलगत मागे सरकवून ठेवायचा होता, म्हणजे टँकची मागची कड पायांवरही नाही आणि पट्टीवरही नाही, नुसत्या बाहेर आलेल्या फळीवर. टेबल आणि स्टँड यातला हा मोठा फरक आहे. स्टँडमध्ये टँकच्या कडा बरोबर चौकटीवर बसतात आणि चौकट बरोबर पायांवर. कुठल्याही स्टँडकडे बघताना मी मनातल्या मनात टँकच्या कोपऱ्यातून बोट खाली फिरवत जमिनीपर्यंत नेतो. वाटेत लाकडावर लाकूड, लाकडावर लाकूड असं करत फरशी आली तर उत्तम. वाटेत कुठे "इथून पुढे सगळं स्क्रूवर आहे" असं आलं तर थांबायचं. आपल्याकडे तर सरसकट काळे जिप्समचे स्क्रू मारतात, ते कडक असतात पण ठिसूळ, आडवा ताण आला की वाकत नाहीत, तुटतात. स्क्रूचं काम दोन लाकडं जवळ धरून ठेवायचं, वजन त्याच्या अंगावर टाकायचं नाही.

चौथा सांधा उकलून परत बसवता आला असता, मागे आणि बाजूंना प्लाय ठोकून टेबल मजबूतही करता आलं असतं. पण आत्या म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या टेबलाला कुणी खिळा लावायचा नाही." मला ते अगदी पटलं. एवढं चांगलं टेबल प्लाय ठोकून झाकायचं, त्यावर पाणी सांडायचं, कशासाठी? त्यावर पुस्तकं राहिली.

मग नवा स्टँड करायला तिथल्याच एका सुतारकाकांना बोलावलं. घराचा मागचा सोपा, म्हणजे ओसरी, उतरवला होता तेव्हाचे सागवानी वासे गोठ्यात पडून होते. जुनं सागवान मिळालं तर सोडू नये, पूर्ण वाळलेलं असतं, आता ते फारसं पिळवटणार नाही की आकसणार नाही. फक्त त्यातले जुने खिळे शोधून काढायचे आणि टोकं ठोकून बघायची, पोकळ आवाज आला की तेवढं कापून टाकायचं. काकांनी प्रत्येक वासा आधी पटाशीच्या मुठीने टोकापासून टोकापर्यंत वाजवत नेला, एका ठिकाणी आवाज बदलला तिथे थांबले, पटाशी लावली तर आत पिठासारखा भुसा. दीड फूट तोडून बाजूला. ते बघायलाच मजा आली.

टँकखालच्या पट्ट्या काकांनी रुंद बाजू खाली करून आडव्या टाकायला घेतल्या होत्या, त्या मी अरुंद बाजू खाली ठेवून उभ्या करायला सांगितल्या, आणि यातला हिशोब मला सगळ्यांना सांगावासा वाटतो. चार फुटांच्या अंतरावर सव्वातीनशे किलो पसरलेले आहेत आणि ते पुढे-मागे अशा दोन सागवानी पट्ट्यांवर आहेत असं धरा. दीड इंच जाडीची पट्टी चार इंच उंच अशी उभी ठेवली तर मधोमध वाक येतो साधारण १ मिलिमीटर. तीच पट्टी दोन इंच उंचीची घेतली तर वाक निम्म्या उंचीने दुप्पट होत नाही, आठपट होतो, म्हणजे ९ मिलिमीटरच्या आसपास. आणि खाली पट्टीच न देता नुसता १८ मिलिमीटरचा प्लाय चार फुटांवर टाकला तर कागदावर वाक येतो पाच सेंटिमीटरच्या वर, म्हणजे तो टिकणारच नाही. लोक प्लायची जाडी वाढवत बसतात, १८ चा २५ करतात, त्यापेक्षा खाली एक उभी पट्टी दिली की काम होतं. काका हे ऐकून म्हणाले, "तुळई कुणी आडवी टाकतं का कधी," आणि पट्ट्या उभ्या केल्या. त्यांना आकड्यांची गरज नव्हती.

पायाला वरून खाच पाडून पट्टी त्या खाचेत बसवली, म्हणजे वजन थेट पायाच्या डोक्यावर. मागे पूर्ण १२ मिलिमीटर प्लाय, दोन्ही बाजूंनाही. पाण्याजवळचं काम आहे म्हणून प्लायवर ७१० नंबर बघून घेतला, मरीन प्लायसाठी आयएस ७१० असतो, साध्या कमर्शियलला ३०३. मग टेपने कर्ण मोजले, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आणि मग उलटे, दोन्ही सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात आहे. ढकलून बघितलं तर स्टँड हलेना, जोर लावला तर अख्खा स्टँड फरशीवरून सरकला पण डुलला नाही. असंच हवं.

कराडला हे जास्त महत्त्वाचं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आत्याने लहानपणी अनुभवलाय, त्या पट्ट्यात अजूनही अधूनमधून बारीक धक्के बसतात, फडताळातली भांडी वाजतात. भूकंप मुख्यतः बाजूनेच ढकलतो.

आता वेळेबद्दल, कारण उडी मारायच्या टेस्टमध्ये वेळ कुठेच नसतो. माणूस टेबलावर मिनिटभर उभा राहतो, टँक वर्षानुवर्षं उभा राहतो, रात्रंदिवस, एक क्षण सुट्टी नाही. लाकडाचा स्वभाव असा की थोडा वेळ ते जेवढं पेलतं तेवढं कायम पेलत नाही. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने गेल्या शतकातच यावर चाचण्या केल्या होत्या, आणि काही मिनिटांत मोडायला जेवढं वजन लागतं त्याच्या साधारण ६० टक्के वजन दहा वर्षं तसंच ठेवलं तरी लाकूड मोडू शकतं असं त्यातून निघालं. वाकसुद्धा वाढत जातो, पहिल्या दिवशी १ मिलिमीटर असेल तर काही वर्षांत तो दुप्पट होऊ शकतो, ओलावा असेल तर लवकर. म्हणून "आत्ता जेमतेम घेतंय" असं असेल तर ते नाही घेणार असंच समजावं. भरपूर जादा ठेवा, लाकडाच्या चार पट्ट्यांचा खर्च टँकपुढे काहीच नाही.

आणि पाणी. लाकडी स्टँडला वजनापेक्षा पाण्याने मरताना मी जास्त बघितलंय. वरून सांडणारं पाणी सगळ्यांना दिसतं, आठवड्याचं पाणी बदलताना चार थेंब पडणारच, ते पुसलं जातं. न दिसणारं पाणी खालचं. आपल्याकडे रोज फरशी पुसतात, ओलं फडकं रोज स्टँडच्या पायांना लागतं, आणि लाकूड बाजूने जेवढं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट ते कापलेल्या टोकातून पितं, कारण धाग्यांची तोंडं तिथे उघडी असतात. पायांची खालची टोकं कुणी पॉलिश करत नाही, कारण ती दिसत नाहीत! स्टँड आडवा करून आधी ती टोकं पॉलिशने नाहीतर ऑइल पेंटने दोन-तीनदा चोपडा आणि खाली ग्रॅनाइटचा नाहीतर जाड पीव्हीसीचा तुकडा द्या. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचा रेडीमेड कॅबिनेट असेल तर मी तो चार फुटी टँकखाली मान्यच करत नाही, वरून सनमायका कितीही छान असू दे. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तो कडेने पाणी ओढतो, बिस्किटासारखा फुगतो म्हणतात ते खरंच आहे, आणि एकदा फुगला की त्यातले स्क्रू हाताने निघतात.

जमिनीचं थोडक्यात सांगतो. सिमेंटच्या स्लॅबवर भिंतीलगत, शक्यतो बीमजवळ, चार फुटी टँकला सहसा अडचण येत नाही. घराच्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात, टँकखालच्या जागेवर त्याच्या जवळजवळ तिप्पट भार येतो, पण तो छोट्या जागेवर असतो आणि बाकीची खोली मोकळी असते. बाहेर काढलेल्या बाल्कनीत ठेवू नका. आतेभावाला माडीवर ठेवायचा होता, तिथे खाली तुळया आणि फळ्या आहेत, चाललं की जमीन थरथरते, तिथे मी स्पष्ट नाही म्हणालो आणि टँक खालच्या सोप्यात आला. मोठे टँक, पाच-सहा फुटी, असतील तर कुठल्याही मजल्यावर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नये.

लहान मुलं असलेल्या घरात अजून एक बघतो. स्टँड उंच आणि अरुंद नको. तीन फूट उंच आणि जेमतेम फूटभर रुंद असले स्टँड मिळतात, पोर कडेला लोंबकळलं तर तो सगळा डोलारा त्याच्यावर येईल. तसला स्टँड असेलच तर मागून एल क्लॅम्पने भिंतीला बांधा, आणि शक्य असेल तर बदलाच. यात मला अजिबात तडजोड मान्य नाही.

टँक ठेवल्यावर काचेची बाजू सुरू होते. काच फारशी वाकत नाही, तिला पीळ तर मुळीच चालत नाही. स्टँड एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर उतरता असेल तर पाण्याची रेषा तिरपी दिसते एवढंच, पण एकच कोपरा खाली असेल तर तळाची काच तीन कोपऱ्यांवर टेकते, चौथा अधांतरी, आणि मग एक दिवस सिलिकॉन सुटतं नाहीतर तळ तडकतो. म्हणून पाणी भरायच्या आधी टँक आणि स्टँडच्या मध्ये चारी बाजूंनी लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवून बघा. जिथे आत शिरतो तिथे फट आहे. तळाला चौकट नसलेल्या टँकखाली थर्माकोलची शीट देतात, ती बारीक खडबडीतपणा सांभाळून घेते, पीळ सांभाळत नाही. खाली प्लास्टिकची चौकट असलेल्या टँकला थर्माकोल देऊ नये, ती चौकटच त्याची बैठक असते. आणि पाचर मारायची ती स्टँडच्या पायाखाली मारायची, काचेखाली पुठ्ठ्याची घडी कधीच नाही.

भरताना एकदम भरू नका. तिसरा हिस्सा भरा, तास-दोन तास थांबा, पट्टीने चारी कोपऱ्यांत काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून मार्करने टँकच्या मागे लिहून ठेवा. पाणी आपोआप समपातळीत राहतं, त्यामुळे वेगळी लेव्हल आणायची गरजच नाही. मग अर्धा, मग पूर्ण, दर वेळी तेच. पूर्ण भरल्यावर चारी आकडे परत लिहा आणि महिन्याने पुन्हा मोजा, एक कोपरा खचत चालला असेल तर आकडा सांगतो. आतेभावाने हे आकडे टँकमागच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलेत, तारखेसकट.

ज्यांच्या घरी टँक आधीच भरलेला आहे त्यांनी आज खालच्या दारांच्या फटी बघा. दोन्ही दारांमधली फट वर बारीक आणि खाली रुंद दिसत असेल, किंवा पूर्वी नीट लागणारं दार आता घासत असेल, तर चौकट गुण्यातून सरकली आहे, बिजागऱ्या पिळत बसू नका. पाइप लावून निम्मं पाणी काढा, एका तासात १०० किलोच्या वर वजन कमी होतं आणि मासे निम्म्या पाण्यात आरामात राहतात, फक्त हीटर आधी बंद करा, तो पाण्याबाहेर उघडा पडून चालू राहिला तर तडकतो. फिल्टरचं तोंडही पाण्याखाली राहतंय ना ते बघा. मग सुताराला बोलवा. भरल्या टँकखाली त्याला ठोकाठोक करू देऊ नका, मासे बादल्यांत काढा, टँक पूर्ण रिकामा करून खाली उतरवा आणि मगच मागचा प्लाय बसवून घ्या.